बाहेरच्या माणसाचा दर

माणसाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते की त्याला आपल्या एका दिवसाचं मोल स्वतःच ठरवावं लागतं. थोर माणसं अशा वेळी एकांतात जातात, डोळे मिटतात, आत डोकावून बघतात म्हणे. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मी भेंडी चिरत होतो आणि माझा फोन म्यूटवर होता. तो म्यूटवर आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या व्यवसायातलं आजवरचं सगळ्यात मोठं यश मला त्या अज्ञानामुळेच मिळालं.

मी उपकरणांचा इंजिनिअर. रायपूरजवळ सिलतऱ्याला लोखंडाचे जे कारखाने आहेत त्यांत लांबलचक, आडव्या, सावकाश फिरणाऱ्या भट्ट्या असतात. भट्टीच्या पोटात किती ताप आहे हे सांगणारी उपकरणं तिच्या अंगावर ठिकठिकाणी खोचलेली असतात. ती खरं बोलतात की थापा मारतात हे तपासणं, हे माझं काम. अशा एका कारखान्यात मी वीसेक वर्षं नोकरी केली. मग कारखान्याला नवे मालक मिळाले. त्यांनी कॅन्टीनच्या भिंतीवर ‘आपण सारे एक कुटुंब’ असं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं आणि महिन्याभरात निम्मं कुटुंब घरी पाठवलं. मी उरलेल्या निम्म्यात होतो. पण एका मीटिंगमध्ये नव्या साहेबांनी एकाच वाक्यात कोळशाला आणि मला ‘रिसोर्स’ म्हटलं. कोळशानं ते ऐकून घेतलं. मी राजीनामा दिला.

आता मी स्वतंत्र होतो. कारखाने अधूनमधून भट्टी थंड करून दुरुस्तीला काढतात, त्याला शटडाऊन म्हणतात. त्या काही आठवड्यांपुरते माझ्यासारखे लोक रोजाच्या दरानं घेतले जातात, तेही थेट नाही, एजन्सीमार्फत. भनपुरीच्या चौकात सकाळी डबा आणि फावडं घेऊन जे उभे असतात त्यांना रोजीवाले म्हणतात, आणि मला कन्सल्टंट. त्यांचा दर उभ्या उभ्या ठरतो. माझा ठरायला फोन लागतात, व्हिडिओ कॉल लागतो आणि कुणीतरी ‘आपली वर्क फिलॉसॉफी काय?’ असं विचारावं लागतं.

घरात मात्र एक अट होती. माझ्या बायकोच्या भावाचं बाथरूमच्या सामानाचं शोरूम आहे. नळ, टाइल्स, बेसिन, आणि ज्यावर बसून माणूस शांतपणे विचार करतो ते. दसऱ्याला तो दुसरी शाखा उघडणार होता आणि तिथं बसायला त्याला भरवशाचा, इंग्रजी बोलणारा माणूस हवा होता. दसऱ्यापर्यंत मला माझ्या दरानं एकही काम मिळालं नाही तर मी तिथं बसेन, असं मी एकदा जेवताना, तोंडात घास असताना, कबूल करून बसलो होतो. त्यानं माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. फिरती. भेटला की विचारायचा, “काय जिजाजी, खुर्चीवरचं प्लास्टिक काढू का राहू देऊ?” नाना प्रकारच्या कमोडांमध्ये उभं राहून ‘हे इटालियन आहे’ असं गंभीरपणे सांगणारा मी मला दिसायचा आणि हातातली पोळी हातातच राहायची.

पहिला फोन आला तो भनपुरीच्याच एका एजन्सीचा. तिचं ऑफिस एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या माडीवर आहे. पाटीवर ‘ग्लोबल’ हा शब्द आणि जिन्यात ट्रकचे टायर. मालक एक गोल, घामेजलेला, प्रेमळ माणूस होता. त्यानं मला पाणी दिलं, चहा सांगितला आणि म्हणाला, “भैया, सिलतरा में शटडाउन है। तीन हफ्ते का काम। मैंने सुनते ही बोला, इसमें तो अपने भैया ही जाएँगे।”

मी दर विचारला.

इथं एक सांगायला हवं. आमच्या धंद्यात ‘हजार’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. तो असभ्य समजला जातो. लग्नात नवऱ्याकडचे लोक जसे ‘आमची काही अपेक्षा नाही’ म्हणून नुसतं खिडकीबाहेर बघतात, तसं आम्ही नुसता आकडा बोलतो आणि खिडकीबाहेर बघतो.

“सात,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर एक ट्रक मागं घेतला जात होता.

“बारा,” मी म्हणालो आणि तोच ट्रक बघू लागलो.

त्याचा चेहरा दुखावला गेला. “भैया, बारा तो बाहर वाले को देते हैं।”

“काम तो वही है न?”

“काम वही है, आदमी वही नहीं है। देखो, बाहर वाला आता है। उसको होटल का खाना लगता है। पेट खराब होता है। तीसरे दिन घर की याद आती है, बीवी को वीडियो कॉल करके मुँह लटकाता है। उस सबका पैसा है। आप तो घर के आदमी हो। शाम को घर जाके दाल-भात खाओगे।”

“मतलब मेरा पेट ठीक है इसलिए पाँच कम?”

“हव,” तो म्हणाला. “और याद भी नहीं आएगी।”

हिशेब स्वच्छ होता. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि टायर ओलांडत खाली उतरलो. घरी बायकोला सांगितलं. ती सिंचन विभागाच्या ऑफिसात आहे, असल्या हिशेबांचं तिला नवल वाटत नाही. ती म्हणाली, “मग घ्या नं सात. दादाच्या दुकानात त्याहून कमीच भेटन.” मी म्हणालो, मुद्दा पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, “तत्त्व तर तिथंबी बसल्या बसल्या सांभाळता येते. खुर्ची फिरती आहे म्हणे.”

त्यानंतर दोन-चार दिवसांनी भेंडीची संध्याकाळ आली. बायको पोळ्या लाटत होती, गॅसवर वरणाचा कुकर होता आणि मी ओट्याशी उभा राहून भेंडी चिरत होतो. फोन वाजला. नोएडाची एजन्सी. बोलणारी मुलगी आमच्या पोरीहून फार मोठी नसावी, पण तिचा आवाज असा होता की जणू ती मला एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पाठवणार आहे.

“सर, मैं आपकी टैलेंट पार्टनर बोल रही हूँ। आपके लिए एक बहुत एक्साइटिंग अपॉर्च्युनिटी है। पहले थोड़ा आपके बारे में जान लूँ? सर, आप बेसिकली कहाँ से हैं?”

आणि मी म्हणालो, “नागपुर तरफ के।”

हे मी खोटं बोललो नाही. हे मी बोललोच नाही, ते आपोआप बाहेर पडलं. रायपुरातल्या कुठल्याही मराठी माणसाला अपरात्री झोपेतून उठवून विचारा, कुठले तुम्ही? तो म्हणणार, नागपूरकडचे. माझे आजोबा रेल्वेत लागून वर्ध्यापलीकडच्या एका खेड्यातून इथं आले. वडील इथं जन्मले, मी इथं जन्मलो, पुरानी बस्तीतल्या ज्या गल्लीत मी राहतो तिथला प्रत्येक कुत्रा मला ओळखतो. तरी विचारलं की आम्ही नागपूरकडचे. खेड्याचं नाव सांगितलं तर पुढं चार प्रश्न येतात, म्हणून नागपूर. नागपुरात लग्नाला गेलो की तिथले नातेवाईक ओरडतात, “आले, छत्तीसगढवाले आले!” आणि इथं शेजारी म्हणतात, “आप लोग तो महाराष्ट्र के हैं न, आपके यहाँ पोहा अच्छा बनता है।” तीन पिढ्या आम्ही दोन्हीकडं बाहेरचे आहोत. आजवर फुकट.

“नागपुर, ग्रेट,” ती मुलगी म्हणाली, आणि तिकडं काहीतरी टाइप झाल्याचा आवाज आला. “तो सर, आपका एक्सपेक्टेड डे रेट?”

ह्या प्रश्नावर मी बरंच वाचलेलं होतं. आकडा आधी बोलेल तो हरला, असं सगळ्या जाणकारांचं मत आहे. म्हणून मी म्हणालो, “आपका बजट?”

“आपकी एक्सपेक्टेशन, सर?”

“बजट?”

“एक्सपेक्टेशन?”

तिनंही तेच वाचलेलं असावं. असं थोडा वेळ चाललं. मग कुकरचं झाकण थरथरू लागलं. शिटी होणार हे दिसताच मी फोन कानापासून काढला आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरचं बटण दाबलं. अंगठ्याला भेंडीचा चिकटा. अंगठा स्पीकरवरून घसरून शेजारच्या बटणावर गेला, हे मला दिसलं नाही. शिटी झाली. मी फोन डब्याला टेकवून उभा केला.

“सर, क्लाइंट का नाम कॉन्फिडेंशियल है,” ती सांगू लागली. “सेंट्रल इंडिया का लीडिंग स्टील प्लेयर है। शटडाउन का काम है, तीन हफ्ते। बस लोकेशन थोड़ा रिमोट है।” ती जरा थांबली, डॉक्टर थांबतात तशी. “रायपुर।”

मी हसलो. मोठ्यानं म्हणालो, “अरे, मैं रायपुर में ही तो रहता हूँ! सिलतरा मेरे घर से पंद्रह किलोमीटर है!” भनपुरीवाल्यानं सांगितलेलंच हे काम होतं, ह्याबद्दल मला शंका राहिली नाही.

तिकडं शांतता. मग ती हळुवारपणे म्हणाली, “आई अंडरस्टैंड, सर। रायपुर सुनके सब ऐसे ही चुप हो जाते हैं।”

“चुप कौन है? मैं बोल रहा हूँ, मेरा घर—”

“इसीलिए सर, क्लाइंट ने हार्डशिप अलाउंस रखा है। मिलाके मैं आपको चौदह दे सकती हूँ।”

मी सुरी खाली ठेवली. “बारा!” मी ओरडलो. म्हणजे मला म्हणायचं होतं की मी बाराच मागणार होतो, मी इथलाच आहे, एवढे कशाला. माणूस प्रामाणिक असला की घाबरल्यावर आणखी प्रामाणिक होतो. “बारा! बारह बहुत है!”

शांतता.

“ओके सर। सोलह। प्लस गेस्ट हाउस।”

“अहो ताई, ऐका तरी!” मी मराठीवर आलो. बायकोनं लाटणं थांबवलं होतं आणि माझ्याकडं बघत होती. मी तिला खुणेनं विचारलं, मी नीट बोलतोय ना? तिनं मान हलवली, हो, नीट बोलताय.

“सर, आप बहुत टफ नेगोशिएटर हैं,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यासारखा ग्रहांवरचा राहिला नव्हता. “अठारह। इसके ऊपर मेरे हाथ में कुछ नहीं है। सच में, सर।”

एवढ्यात आमची पोट्टी आतल्या खोलीतून पाण्याची बाटली भरायला आली. तिनं फोनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पाण्याकडं वळता वळता म्हणाली, “बाबा, आप म्यूट पे हो।”

मी म्यूट काढला. आता सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. त्यासाठी मी घसा साफ केला आणि सुरुवात म्हणून म्हणालो, “हाँ, सुनिए—”

“थैंक यू सो मच, सर!” ती एका दमात म्हणाली. “हाँ बोल दिया आपने, बस! मेल भेज रही हूँ,” आणि फोन बंद झाला.

मी फोन आडवा ठेवला. मग बायको खाली बसली. पोळपाटाशेजारी, पिठाच्या हातांनी तोंड झाकून, खांदे हलवत. आधी मला वाटलं रडते आहे. “काहून,” ती कशीबशी म्हणाली, “काहून वीस वर्षं बोलत राहिले तुमी? आधीच चुप बसाचं नं!” पोट्टी ओट्याला धरून वाकली होती. “बारह बहुत है,” ती माझी नक्कल करत म्हणायची आणि पुन्हा वाकायची. मलाही मग आवरेना. पोळी तव्यावर काळी झाली, भेंडी त्या दिवशी कच्चीच राहिली, आणि आम्ही तिघं रायपूर ह्या दुर्गम ठिकाणी बसून डोळे पुसत होतो.

जेवणं झाल्यावर मी नोएडाला फोन लावला. आकाशातून पडलेले पैसे घेताना माणसाला मान वर करून बघावंसं वाटतंच. मी तिला सगळं सांगितलं: मी इथलाच, घर इथंच, हार्डशिप वगैरे काही नाही.

“सर, आपने उस वक्त बताया क्यों नहीं?”

“बताया था। तीन बार।”

ती थोडा वेळ गप्प राहिली. ह्या वेळी म्यूटवर कुणी नव्हतं. “सर, सिस्टम में बेस लोकेशन नागपुर लॉक हो गया है। लोकल करूँगी तो रिक्वायरमेंट ही कैंसल हो जाएगी। उन्होंने आउटस्टेशन ही माँगा है। आप एक बार क्लाइंट साइड पर पूछ लीजिए न।” मग अगदी माणसासारख्या आवाजात, “प्लीज़, सर। इस महीने मेरा ये पहला है।”

हे ऐकून मी तिच्याबद्दलचं माझं सगळं मत मागं घेतलं. तिचीही कुठंतरी फिरती खुर्ची वाट बघत असणार.

दुसऱ्या दिवशी मी सिलतऱ्याला गेलो. शटडाऊन कुठं आहे हे तिथं गुपित नसतं, आणि त्या कारखान्याचा एचआरवाला जुन्या ओळखीचा आहे. आम्ही गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतला. त्याला मी म्हणालो की असा असा घोटाळा आहे, मी नागपूरचा नाही.

“मुझे मालूम है,” तो म्हणाला. “आपके घर होली में खाना खाया है मैंने। लेकिन फाइल को नहीं मालूम।”

“तो फाइल को बता दो।”

“फाइल को बताया तो आप लोकल में चले जाओगे। लोकल में सात है। बजट में बाहर के विशेषज्ञ का मद अलग है। वो पैसा बाहर के आदमी पर ही खर्च होगा, नहीं तो लैप्स।”

“पर मैं बाहर का हूँ नहीं।”

त्यानं माझ्याकडं कणवेनं बघितलं. “तो बाहर से आ जाओ न। किसने रोका है?”

“और बड़े साहब?”

“साहब से पूछ के ही बोल रहा हूँ। साहब ने कहा, आदमी ठीक है, बस आता किधर से है वो ठीक कर लो।”

घरी बायकोला मी हे मोठ्या अचंब्यानं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. “त्यात काय? हेड वेगळा आहे. आमच्या ऑफिसात पंप बिघडला तर दुरुस्तीले पैसे नाही भेटत, नवीन घ्याले भेटतात. तुमी नवीन पंप आहे समजा.”

मी नवीन पंप झालो. मेल आला, त्यात माझा दर होता, माझ्या शहराचं नाव नागपूर होतं आणि दसऱ्याला अजून अवकाश होता. मी त्या मेलचा फोटो काढून शोरूमवाल्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “प्लास्टिक राहू देतो.” त्या एका ओळीनं मला जो आनंद दिला तो अठरांनीसुद्धा दिला नव्हता. मी घरभर फिरलो, विनाकारण पंखे बंद-चालू केले, गच्चीवर जाऊन आलो.

भनपुरीच्या प्रेमळ माणसाला मात्र नाही सांगायचं जिवावर आलं होतं. त्याला बातमी आधीच कळलेली होती. “भैया,” तो फोनवर म्हणाला, “आप बाहर के हो गए?” त्यात राग नव्हता. परदेशी गेलेल्या पुतण्याशी बोलावं तसा आवाज होता. “चलो, अच्छा है। पेट का ध्यान रखना।”

कामावर रुजू व्हायच्या दिवशी पहाटे मी नागपूरला निघालो. एजन्सीनं नागपूर-रायपूर असं तिकीट काढलं होतं आणि त्या गाडीत नागपूरला बसायला मी नागपुरात असणं आवश्यक होतं. बायकोनं डबा दिला. पोट्टी झोपेतच म्हणाली, “बाबा, पहुँच के कॉल करना। फिर पहुँच के भी कॉल करना।”

नागपूरच्या प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर पूर्वजांच्या भूमीवर पाय ठेवल्याचं काहीतरी वाटेल म्हणून मी जरा थांबलो. काही वाटलं नाही. भूक लागली होती. चहावाल्यानं विचारलं, “कुठून आले भाऊ?”

“रायपूरहून.”

“चालले कुठं?”

“रायपूरले.”

त्यानं कप हातात देण्याआधी पैसे घेतले.

परतीच्या गाडीतून मी रायपूरला उतरलो तो तज्ज्ञ म्हणून. दाराशी कारखान्याचा ड्रायव्हर माझ्या नावाची पाटी धरून उभा होता. पाटीवर नावाखाली ‘नागपुर’ असं लिहिलेलं होतं. ड्रायव्हर आमच्या मागच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला. रोज सकाळी दुधाच्या दुकानावर भेटतो.

“अरे भैया, आप? मैं तो नागपुर वाले साहब को लेने आया हूँ।”

“वो मैं ही हूँ।”

तो विचारात पडला. “आप गए कब?”

“सुबह।”

“हव,” तो म्हणाला आणि त्यानं माझी बॅग उचलली. मोठमोठ्या परिषदांमध्ये मी इतकी समंजस माणसं पाहिलेली नाहीत.

गेटवर माझं स्वागत झालं. गुच्छ मिळाला. बाहेरून येणाऱ्यांसाठी एक माहितीपट दाखवतात तो मला एकट्याला दाखवण्यात आला. त्यात रायपूरच्या उन्हापासून सावध राहायला सांगितलं होतं, आणि इथल्या हवेत काळी धूळ असते, घाबरून जाऊ नये, असंही. ती धूळ मी वीस वर्षं आमच्या गच्चीवरून झाडतो आहे. ती तर ह्याच कारखान्यांतून आमच्याकडं येते. मी वहीत टिपून घेतलं. समोरचा अधिकारी खूश झाला.

गेस्ट हाऊस कारखान्याच्या आवारात होतं. तिथं राहणं कामाच्या अटीत बसत होतं आणि मी अट पाळायची ठरवली. अठरा घेऊन रात्री घरच्या गादीवर झोपणं मला भनपुरीवाल्याशी बेइमानी वाटली असती. भट्टीचं काम उत्तम चाललं. उपकरणांपैकी एक अनेक महिने शांतपणे खोटं बोलत होतं, ते मी पकडलं. तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं. त्याच संध्याकाळी मला घराची आठवण आली. मी बायकोला व्हिडिओ कॉल केला आणि तोंड पाडलं. तो दर किती शास्त्रशुद्ध होता हे मला तेव्हा पटलं.

मग ती ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन येऊ लागली. गेटवरच्या गार्डनं तिला विचारलं, कुणाला भेटायचं? तिनं माझं नाव सांगितलं. कोण लागतात? नवरा. “साहब तो नागपुर के हैं। आप?” ती म्हणाली, “मैं तो यहीं की हूँ, पुरानी बस्ती।” गार्डनं तिला आत सोडलं. पण नागपूरच्या साहेबांची रायपुरातही एक बायको आहे, ती रोज संध्याकाळी डबा आणते आणि हसत हसत परत जाते, ही बातमी दोन दिवसांत सगळ्या शिफ्टमध्ये पसरली. लोक मला वाट देऊ लागले. मी वीस वर्षं कारखान्यात इमानदारीनं काम केलंय, पण इतक्या आदरानं कुणी माझ्याकडं पाहिलं नव्हतं. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग नागपूरवालीले कधी आणता भेटवाले?” आणि दुसऱ्या दिवसापासून ती बाहेर पडताना गार्डला मुद्दाम लाजून दाखवू लागली.

शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, समोर सगळे बसलेले. त्यातल्या निम्म्यांशी माझी बाजारात रोज गाठ पडते. मोठे साहेब बोलायला उठले. नागपूरसारख्या दूरच्या महानगरातून, घरदार सोडून, इथल्या खडतर परिस्थितीत हा माणूस आला, ह्याला समर्पण म्हणतात, आणि समर्पणाला दर नसतो, असं ते म्हणाले. एचआरवाला छताकडं बघत होता. टाळ्या झाल्या. मला शाल घालताना साहेब माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “पुरानी बस्ती में पार्किंग की बड़ी दिक्कत है न? मेरी ससुराल वहीं है।”

मग ड्रायव्हर मला स्टेशनवर घेऊन आला. खर्चाचा मद बाहेरच्या माणसाचा असल्यामुळे बाहेर परत पाठवणंही त्यातच येत होतं. नागपूरचं तिकीट काढलेलं होतं. गाडी सुटेपर्यंत थांब, अशी त्याला सूचना होती. तो खिडकीशी उभा राहिला. गाडी हलल्यावर त्यानं हात केला, मीही शाल सावरत हात केला. “कल दूध लेने आओगे न?” तो खिडकीबरोबर चालत म्हणाला. मी हो म्हणालो.

पुढच्याच मोठ्या स्टेशनवर, दुर्गला, उतरलो, उलट रायपूरला येणारी पॅसेंजर पकडली आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी पोहोचलो.

सगळी तिकिटं पाठवा सर, एकही सोडू नका, असं नोएडाच्या मुलीनं सांगितलं होतं. मी पाठवली. नागपूर-रायपूर मंजूर झालं. रायपूर-नागपूर मंजूर झालं. दुर्ग-रायपूर पॅसेंजरचं तिकीट नामंजूर झालं. शेरा होता: ‘सदर व्यक्ती त्या संध्याकाळी नागपूरला पोहोचलेली आहे.’